रात्री दोनला कूस बदलायचे पैसे कोण देतं?

मागच्या अंकात दिव्यांगांची महिन्याची पेन्शन 1500 ची 2500 झाल्याचं चार ओळीत लिहिलं होतं, त्यावर इतके मेसेज आलेत की या महिन्यात गुडघेदुखी आणि सासू-सून सगळं बाजूला ठेवलंय. अभिनंदनाचा मेसेज एकच, बाकी सगळे हेच विचारतायत की एवढ्यात काय होतं. नावं कुणाचीच छापत नाही, पेठ तेवढी लिहितेय.

प्रश्न : ताई, माझा मुलगा 24 वर्षांचा, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, फिट पण येतात, अपंगत्वाचं निळं कार्ड आहे 90 टक्क्यांचं. बोलत नाही, बसत नाही, पण मी घरात नसले की ओळखतो बरोबर. मी विड्या वळते, मालक घरीच असतात, त्यांचं मणक्याचं ऑपरेशन झालंय, उचलायचं काही नाही. पेन्शन 2500 झाली ती मिळते. पण माझं वय आता 56, त्याला उचलताना कंबर धरते. कामाला एक बाई ठेवायची म्हटलं तर सरकार तिचे पैसे देतं का? घरी आम्ही तेलुगू बोलतो, मराठी लिहिताना चुकलं असेल तर सांभाळून घ्या. मला सगळे अक्काच म्हणतात. (साखर पेठ)

उत्तर : अक्का, मराठी एकदम झकास आहे, माझ्या भाच्यापेक्षा तर चांगलंच. तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर आधी देते, आज आपल्याकडे बाईचा पगार म्हणून वेगळा पैसा हातात येत नाही. पण तो मागायची जागा कायद्यात आहे, आणि ती जागा कुणी मागतच नाही म्हणून तिथं धूळ बसलीय.

फोनवर तुम्हाला मी पहिलं काय विचारलं आठवतंय ना? किती पैसे पाहिजेत ते नाही विचारलं, म्हटलं कालचा दिवस सांगा, पहाटेपासून. तुम्ही म्हणालात त्यात काय सांगायचं, रोजचंच आहे. मग सांगत गेलात आणि मी लिहीत गेले. सकाळी तोंड धुणं, आंघोळ, कपडे, दीड तास. खायला घालणं दिवसातून चारदा, दर वेळी पाऊण तास कारण घाई केली की ठसका लागतो, कडक भाकरी आमटीत अर्धा तास भिजवून मग हाताने कुस्करून, म्हणजे तीन तास त्यातच. फिजिओवाल्यांनी शिकवलेला व्यायाम एक तास. ओलं बदलणं पाच वेळा, पंधरा पंधरा मिनिटं धरा. धुणं दीड तास, आणि आपल्याकडे पाणी चार-पाच दिवसाआड येतं म्हणजे ते धुणं कसं होतं हे सोलापूरच्या बाईला सांगायला नको, पिंपातलं पाणी तांब्याने मोजून वापरायचं. रात्री बारा, दोन आणि चारला उठून कूस बदलायची नाहीतर पाठीला जखमा होतात, त्याला पंधरा पंधरा मिनिटं. बेरीज केली तर बरोबर नऊ तास झाले. हे फक्त हात लावून करायचं काम, उरलेले पंधरा तास नजर ठेवायची, फिट कधी येईल सांगता येत नाही.

आता पैसे. तुम्हीच सांगितलेत, डायपर फक्त रात्री आणि बाहेर नेताना, दिवसाला दोन, 35 चा एक, महिन्याला 2100. फिटच्या गोळ्या सिव्हिलमधून फुकट पण एक पट्टी बाहेरून, 450. फिजिओ आठवड्यातून एकदा घरी येतो, 400 प्रमाणे 1600. रिक्षा 300. झाले 4450, आणि पेन्शन 2500. म्हणजे 1950 कमी पडतात, ते विड्यांतून जातात. आणि विड्या तरी किती, आधी दिवसाला हजार व्हायच्या आता सहाशे होतात म्हणालात, कारण सूप मांडीवर घेतलं की हा कण्हतो. त्या चारशे विड्या कुठल्याच सरकारी फॉर्मवर नाहीत. कुठल्याच. आई करते म्हणून ते काम फुकट धरलंय सगळ्यांनी, आणि काम फुकट धरलं की पैसे मागायला कागदावर काही उरतच नाही.

म्हणून माझं सगळ्यांना एकच म्हणणं असतं, आधी तासांचा हिशोब मांडा मग पैशाचा. तुम्हाला पूर्ण दिवसाची बाई नकोय, तुम्हीच म्हणालात सकाळी चार तास कुणी उचलायला मिळालं तरी पुष्कळ. तुमच्या गल्लीतली मावशी चार तासाचे 250 मागते, महिन्याला 7500. वरचे 4450 मिळवा, झाले 11950. हे तुमच्या मुलाचं बजेट. यात रात्रीचे दोन आणि चार अजून तुमच्याकडेच आहेत आणि तेही फुकट.

हे मागायचं कुठं तर 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे ना, एकवीस प्रकारचं अपंगत्व धरणारा, 2017 च्या एप्रिलपासून लागू झाला, त्याचं कलम 38. ज्याला रोजच्या जगण्यासाठी जास्त आधार लागतो, कायद्याच्या भाषेत हाय सपोर्ट, अशा माणसाने किंवा त्याच्या वतीने दुसऱ्या कुणी अर्ज करायचा, मग असेसमेंट बोर्ड तपासून अहवाल देतं की याला कसला आधार लागतो आणि किती. आणि कलम 24 मध्ये सरकारने ज्या योजना करायच्या त्यात हाय सपोर्टवाल्यांसाठी केअरगिव्हर अलाउन्स हा शब्द सरळ लिहिलेला आहे. म्हणजे तुमची मावशी कायद्यात आहे अक्का.

मग अडलंय कुठं, तर दोन छोट्या वाक्यात. 38 मध्ये म्हटलंय आधार द्या पण सरकारच्या योजना आणि आदेशांना धरून, आणि 24 मध्ये म्हटलंय सरकारने आपल्या आर्थिक ऐपतीच्या मर्यादेत करावं. झालं, योजना नसेल तर अहवाल फाईलमध्ये. केरळने मात्र केलंय, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सांभाळणाऱ्याला आश्वासकिरणम योजनेत महिन्याला 600 रुपये. रक्कम ऐकून हसू येईल, पण ते सांभाळणाऱ्याच्या नावाने येतात हे मला महत्त्वाचं वाटतं. तमिळनाडूत तीव्र अपंगत्व असलेल्यांना महिन्याला 2000 वेगळे आहेत.

आपल्या 2500 बद्दल पण एकदा बोलूनच टाकते. संजय गांधी निराधार मधले दिव्यांगांचे 1500 चे 2500 झाले 2025 मध्ये, चांगलंच झालं, आणि थेट खात्यात येतात, कशावर खर्च करायचे ते आईच ठरवते, मधे कुणी नाही. ही पद्धत मला आवडते. पण पायाने थोडा लंगडतो आणि स्वतःची पानटपरी चालवतो त्यालाही 2500 आणि ज्याला दर दोन तासाला कुशीवर वळवायला लागतं त्यालाही 2500. टपरीवाल्याचे कमी करा असं कोण म्हणतंय, पण गरज मोजलीच नाही तर हे असंच होणार. आणि उत्पन्नाची अट दिव्यांगांसाठी वर्षाला 50,000, महिन्याला पडतात चार हजार एकशे काहीतरी. आईने नीट विड्या वळल्या तर पोराची पेन्शन जायची भीती, म्हणजे बाईने काम करायचं का नाही तुम्हीच सांगा.

तुम्ही आता एवढं करा. 200 पानी वही घ्या, पंधरा दिवस तास लिहा, फिट कधी आली ते लिहा, तुमच्या कंबरेसाठी डॉक्टरकडे गेलात तर ती चिठ्ठी त्यातच लावा. मग निळ्या कार्डाची झेरॉक्स आणि त्या वहीची झेरॉक्स लावून कलम 38 खाली अर्ज, एक जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, एक सिव्हिल सर्जनना, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. हे मी अंगावर आलेल्या अनुभवाने सांगतेय, माझ्या धाकट्या भावाची फाईल एका कार्यालयात तीनदा हरवली, तिसऱ्यांदा आईने तिथल्या क्लार्कच्या टेबलावरच पदर पसरून बसकण मारली तेव्हा ती कपाटाच्या मागं सापडली. उत्तर आलं नाही तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, अर्ज आपण मिळून लिहू. आणि महापालिकेला स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, त्यातून डायपर, एअर बेड, व्हीलचेअर असं काहीतरी मागा, नुसतं मदत करा असं लिहू नका, वस्तूचं नाव आणि महिन्याला किती लागतात ते लिहा.

प्रश्न : माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. त्याच्या मुलीला पण असाच आजार आहे पण तिकडे कौन्सिल, म्हणजे तिथली महापालिका, म्हणे पैसे देते आणि घरचेच माणूस ठेवतात, पर्सनल बजेट म्हणतात. तो सांगतो तसं खरंच असतं का फेकतोय? आणि आपल्याकडे का नाही? (जुळे सोलापूर)

उत्तर : फेकत नाहीये, पण परदेशातला भाऊ सांगतो तेव्हा अर्धंच सांगतो, उरलेलं अर्धं त्याने भोगलेलं असतं आणि ते लग्नकार्यात सांगायची चीज नसते.

झालं असं की तिकडे आधी कौन्सिल स्वतःच माणूस पाठवायची, सकाळी आठला म्हणजे आठला, तुमची झोप झाली का नाही कोण विचारतो. मग अपंग लोकांनीच भांडून म्हटलं, पैसे आमच्या हातात द्या, कुणाला ठेवायचं आणि कधी उठायचं ते आम्ही ठरवू. 1996 ला त्याचा कायदा झाला, डायरेक्ट पेमेंट म्हणतात. त्याच्याही आधी 1988 ला ज्यांना खूप आधार लागतो त्यांच्यासाठी एक वेगळा फंड काढला होता, इंडिपेंडंट लिव्हिंग फंड, तो 30 जून 2015 ला बंदच केला आणि लोकांना म्हणाले आता कौन्सिलकडे जा. आणि इंग्लंडमध्ये 2014 च्या केअर ऍक्टने असं केलं की जो पात्र आहे त्याच्या आधाराला किती रुपये, म्हणजे पाऊंड, लागतात हा आकडा त्याला लिहून द्यायचाच. त्या आकड्यालाच पर्सनल बजेट म्हणतात. मला त्यातलं हेच सगळ्यात आवडतं, पैसे किती मिळतात ते जाऊ दे पण आकडा कागदावर येतो, आणि कागदावर आला की त्यावर भांडता येतं.

आता न सांगितलेलं अर्धं. इंग्लंडमध्ये दवाखान्याचा खर्च फुकट, पण आंघोळ घालणं, भरवणं हे कौन्सिलकडे, आणि मोठ्या माणसांसाठी तिथं ऐपत बघतात, शिल्लक 23,250 पाऊंडच्या वर असली तर बहुतेक वेळा आपलं आपण बघा. हा आकडा 2010 पासून तिथंच आहे. ज्याचा आजारच फार गुंतागुंतीचा, नळीने खाणं, श्वासाचं मशीन, त्याचा सगळा खर्च आरोग्य खातं उचलतं आणि अशांना 2014 च्या ऑक्टोबरपासून पर्सनल हेल्थ बजेट मिळायचा हक्क आहे. मग वाद कशावर होतो, तर हे दुखणं दवाखान्याचं का सांभाळायचं यावर. ज्याने पहिल्यांदा मान्य केलं त्याच्या खिशातून जाणार, म्हणून दोघंही मान्य करत नाहीत. वाचताना मला तर आपली सात रस्त्याची कचेरीच आठवली, हे आमच्याकडे नाही, त्या टेबलला विचारा.

आणि पैसे हातात आले की तुम्ही मालक झालात. माणूस ठेवायचा, त्याचा पगार, रजा, विमा, पेन्शन सगळं तुमच्या डोक्यावर, वेगळं बँक खातं, पावत्या ठेवायच्या, उरलेले पैसे कौन्सिल परत मागू शकते. घरातच राहणाऱ्या नातेवाईकाला पगार द्यायचा तर सहसा देत नाहीत, कौन्सिलची खास परवानगी लागते. म्हणजे बघा, तिकडेही आई फुकटच.

ऑस्ट्रेलियात 2013 पासून याच धर्तीची देशभराची विमा योजना आहे, एनडीआयएस, तिथं लाखो लोकांना असं बजेट मिळतं आणि खर्च वाढला म्हणून सरकार आता कात्री लावतंय. तेव्हा भावाला विचारा की कौन्सिलचा शेवटचा रिव्ह्यू, म्हणजे गरजेची फेरतपासणी, कधी झाला आणि त्यात तास वाढले का कमी झाले, मग खरी गोष्ट सांगेल.

आपल्याकडे का नाही, तर मोजायची सवयच नाही. अपंगत्वाचा टक्का मोजतो आपण, 40 आणि 80, पिवळं कार्ड आणि निळं कार्ड. टक्का शरीराचा असतो, तास जगण्याचे असतात, आणि एकाच 80 टक्क्याच्या दोन घरांत तास वेगळे निघतात. एका घरात आजी आहे, दुसऱ्यात कुणी नाही.

प्रश्न : भाऊ 41 वर्षांचा, अपघातानंतर मानेखाली काही हलत नाही. ब्युरोकडून माणूस ठेवलाय पण दर पंधरा दिवसाला नवीन येतो, प्रत्येकाला पहिल्यापासून शिकवायचं, भाऊ वैतागून जेवत नाही. (होटगी रोड)

उत्तर : दादा, कॉटच्या वर भिंतीला एक कागद चिकटवा, मोठ्या अक्षरात, आणि तो भावाने सांगायचा आणि तुम्ही लिहायचा. उचलताना आधी डावा खांदा. चहा कोमट, स्ट्रॉने. लघवीची पिशवी पोटाच्या पातळीपेक्षा खाली राहिली पाहिजे. टीव्हीचा आवाज मला विचारून. "काय बे" म्हणून बोलायचं नाही, नावाने बोलवायचं. हे शेवटचं गमतीनं नाही लिहिलंय, एका घरात असा कागद बघितलाय आणि तिथला सांभाळणारा मावसा सहा वर्षं टिकला. ब्युरोला जे कमिशन देताय त्यात थोडं घालून थेट माणूस ठेवता आला तर बघा, माणूस टिकतो तो पैशाने आणि मग वागणुकीने, याच क्रमाने.

प्रश्न : मी शिक्षक. मुलगी ऑटिस्टिक, 80 टक्क्यांच्या वर. टॅक्समध्ये काही सूट? (विजापूर रोड)

उत्तर : आहे सर, टॅक्समध्ये जिला 80 डीडी म्हणतात ती सूट, तीव्र अपंगत्वाला सव्वा लाख, 40 ते 80 मध्ये असतं तर 75 हजार. बिलं लागत नाहीत पण सर्टिफिकेट लागतं आणि जुन्या रिजीममध्येच मिळते, नवीन रिजीम घेतली असेल तर विसरा. तुमच्या सीएला मार्चच्या आधी विचारा. आणि टॅक्स भरण्याइतका पगार आहे त्याला सव्वा लाखाची सूट आणि अक्कांना महिन्याला 2500, यावर मी काही बोलत नाही.

प्रश्न : मी गिरणीतून रिटायर झालो, गिरणी बंद पडली तेव्हा हातात काही आलं नाही पण पीएफची पेन्शन बाराशे येते. बायको गेली. मुलगी 34 ची, मतिमंद, स्वतःचं स्वतः करता येत नाही. माझ्यामागं हिचं कोण? पुतण्या चांगला आहे पण त्याची बायको... जाऊ दे. (अशोक चौक)

उत्तर : काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं. तीन कामं सांगते, उन्हाळ्याच्या आधी करून टाका, एप्रिल-मे मध्ये सोलापुरात तुमच्या वयाला कचेरीच्या चकरा नकोत.

पीएफच्या 1995 च्या पेन्शन योजनेत ज्याची मुलगी कायमची आणि पूर्ण अपंग आहे तिला वयाची अट नाही, आई-वडील दोघं नसतील तर अनाथ पेन्शन जन्मभर मिळते. रक्कम लहान आहे, कमीत कमी 750, पण जन्मभर आहे आणि बहुतेक गिरणी कामगारांना हे माहितीच नाही. पेन्शन सुरू करताना जो फॉर्म भरला होता त्यात मुलीचं नाव आणि अपंगत्व लिहिलंय का ते पीएफ ऑफिसात जाऊन आत्ता तपासा, तुम्ही असताना.

दुसरं, पालकत्व. मुलगी 18 ची झाली की कायद्याने वडील आपोआप पालक राहत नाहीत, हे कळलं की सगळ्यांनाच धक्का बसतो. 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची लोकल लेव्हल कमिटी पालक नेमते. स्वतः पालक व्हा, आणि तुमच्या मागं कोण ते पण त्याच वेळी विचारा. याच ट्रस्टचा निरामय आरोग्य विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि एकापेक्षा जास्त अपंगत्व असलेल्यांना, वयाची अट नाही, आधी तपासण्या नाहीत. पैसे आधी आपण भरायचे, मग बिलं पाठवून परत घ्यायचे. अक्का, हे तुम्हीही वाचा, तुमचा फिजिओ यात बसू शकतो. बाईचा पगार आणि डायपर बसत नाहीत.

तिसरं, घर. पुतण्याच्या नावावर आत्ता काही करू नका. वकिलाकडून मृत्युपत्र करा, जमलं तर छोटा खाजगी ट्रस्ट, एक नाही दोन ट्रस्टी, त्यातला एक नात्याबाहेरचा, घराचं भाडं मुलीच्या सांभाळायलाच जाईल असं लिहून. पुतण्या चांगला आहे तर त्याला वाईट वाटायचं कारण नाही, उद्या त्याच्याच घरात भांडण व्हायला नको म्हणून हे करायचं असं त्याला सांगा. आणि मुलीचा एक दिवस तुम्ही पण लिहून काढा, ती काय खाते, कशाला घाबरते, कुठल्या कुशीवर झोपते. हे आज फक्त तुमच्या डोक्यात आहे.

छापायला जाता जाता : साखर पेठेच्या अक्कांनी परवा वहीचा फोटो पाठवलाय. तेंदूपत्त्याची धूळ पानाला लागलेली, अक्षर तिरकं पण तास बरोबर. शनिवारच्या रात्रीच्या रकान्यात लिहिलंय, "2 ला कूस. 3 ला पाणी आलं, भरलं, चादरी धुतल्या. 4 ला कूस." कूस बदलायच्या पुढं दोन्हीकडे 15 मिनिटं टाकलीत, पाणी आणि चादरीपुढं काहीच नाही. अक्का, तो तास पण टाका.